पहिल्या भेटीतला फॉर्म

खासगी समुपदेशन केंद्राला नव्या सल्लार्थीची माहिती दोन कामांसाठी लागते: त्याच्याशी सुरक्षितपणे संपर्क ठेवणे आणि त्याच्या गरजेला धरून मदत करणे. या दोहोंत न बसणारा प्रश्न फॉर्मवर असू नये. तरीही कुठल्यातरी जुन्या नमुन्यावरून उतरवलेल्या फॉर्ममध्ये जात, धर्म, आधार क्रमांक, उत्पन्न असे रकाने राहून जातात. उत्पन्न पाहून फीमध्ये सवलत दिली जात असेल, तर तो प्रश्न रास्त. एरवी ती नसती चौकशीच.

संपर्काचा रकाना दिसायला सर्वांत साधा, पण जास्तीत जास्त नुकसान त्यातूनच होऊ शकते. अनेक घरांत एकाचा मोबाइल चौघांच्या हातात जातो. सासरच्या छळाबद्दल बोलायला आलेल्या स्त्रीच्या फोनवर समुपदेशनाच्या वेळेचा मेसेज झळकला आणि तो घरच्यांनी वाचला, तर मदत मागितल्याबद्दलच तिला मार खावा लागू शकतो. म्हणून नुसता नंबर घेऊन भागत नाही. त्यावर मेसेज चालेल का, फोन कधी करावा, दुसऱ्या कुणी उचलल्यास काय सांगावे, हे विचारून नोंदवावे लागते. तातडीच्या प्रसंगी कळवायची व्यक्ती म्हणजे नवरा किंवा वडीलच, असेही धरून चालू नये. ती सल्लार्थीने निवडावी आणि कोणत्या परिस्थितीत तिला कळवले जाईल, तेही तेव्हाच ठरावे.

आत्महत्येचे विचार किंवा लैंगिक अत्याचार यांविषयीचे प्रश्न वेटिंगरूममध्ये, नातेवाइकाला खेटून बसून भरायच्या कागदावर ठेवू नयेत. ऑनलाइन फॉर्ममध्ये तर धोका आणखी वाढतो: ‘हो’वर केलेली खूण दोन दिवस कुणी न पाहता पडून राहू शकते. हे प्रश्न समुपदेशकाने समोरासमोर, थेट शब्दांत विचारावेत. विचारल्याने आत्महत्येची कल्पना मनात रुजते, ही भीती निराधार आहे. ऑनलाइन फॉर्मवर मात्र ‘टेलि-मानस’ या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ठळकपणे असावा.

असे प्रश्न विचारण्याआधी गोपनीयतेची मर्यादा सांगणे आवश्यक आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि जिवाला धोका, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता, न्यायालयाचा आदेश अशा प्रसंगी अपवादही ठेवले आहेत. समुपदेशनाला येणारा प्रत्येकजण आजारी नसतो, पण गोपनीयतेचे धोरण आखताना या कलमाचा चांगला आधार मिळतो. बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती कळवणे तर पॉक्सो कायदा, २०१२ नुसार बंधनकारक आहे. मन मोकळे केल्यावर हे अपवाद कानावर आले, तर सल्लार्थीला ती फसवणूक वाटते, आणि तसे वाटणे चुकीचे नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ संगणकावरच्या माहितीला लागू होतो. कागदावर घेऊन नंतर स्कॅन केलेली माहितीही त्यात येते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने अमलात यायचे आहेत. संमती मोकळेपणाने, नेमक्या हेतूसाठी आणि त्या हेतूला आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असावी, हा त्याचा गाभा. कायद्यातच उदाहरण आहे: टेलिमेडिसिन ॲपने आरोग्याच्या माहितीबरोबर फोनमधल्या संपर्कांची यादी मागितली आणि वापरणाऱ्याने होकार दिला, तरी ती यादी उपचाराला लागत नसल्याने तिच्यापुरता तो होकार ग्राह्य नाही. संमती मागतानाची सूचना मराठीसह राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय हवी, आणि संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही.

माहिती जपताना नाव-पत्ता आणि सत्रांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. भेटीची वेळ देणाऱ्या सहायकाला नोंदी उघडता येऊ नयेत. केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्मचा फोटो टाकू नये. नोंदी किती काळ ठेवल्या जातील, आणि एकट्याने काम करणारा समुपदेशक आजारी पडला किंवा वारला, तर कपाटाची किल्ली व पासवर्ड कोणाकडे जाईल, हे आधीच लिहून ठेवून सल्लार्थीलाही सांगावे.