विषाणूची कात्री आणि आपली कात्री

मी इंजिनिअर, डॉक्टर नव्हे. पण यंत्राचा एक भाग थांबवला की दुसरीकडे काय बिघडतं, हे बघायची खोड जडलेली. म्हणून ही हकिकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

एड्सचा विषाणू आपली प्रथिनं सुटी सुटी बनवत नाही. आधी एक लांबलचक पट्टी तयार होते, मग प्रोटिएज नावाचं एन्झाइम कात्रीसारखे तिचे तुकडे करतं. ही कात्री अडकवली की नवे विषाणू कच्चे राहतात, त्यांची लागण होत नाही. हे काम करणारी औषधं म्हणजे प्रोटिएज इन्हिबिटर. पहिलं, सॅक्विनाव्हिर, अमेरिकेत डिसेंबर १९९५ मध्ये मंजूर झालं. १९९६ मध्ये रिटोनाव्हिर आणि इंडिनाव्हिर आली. औषधं एकत्र देणं सुरू झालं आणि १९९७ साली तिथले एड्सचे मृत्यू आदल्या वर्षाच्या जवळजवळ निम्म्यावर आले!

पण लवकरच काही रुग्णांचे गाल बसले, हातपाय काटकुळे झाले, पोट मात्र सुटलं. जीव वाचला, पण आजार चेहऱ्यावर दिसू लागला.

असं का व्हावं? आपल्या शरीरात कच्ची पेशी हळूहळू पक्की होते. कुणी स्नायूची, कुणी चरबीची. याला विभेदन म्हणतात. यांतली काही औषधं कच्च्या पेशीला चरबीची पेशी होऊ देत नाहीत, असं प्रयोगशाळेत दिसलं. कात्र्या आपल्या पेशींतही असतात ना! पेशीकेंद्राला आधार देणारं लॅमिन ए हे प्रथिन अशाच एका कात्रीने कापल्यावर तयार होतं. लोपिनाव्हिर ती कात्रीही अडकवतं, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. लॅमिनच्या जनुकातच दोष असलेल्या काही घराण्यांतही हातापायांवरची चरबी जाते, हे विशेष.

सगळा दोष मात्र यांचाच नव्हे. चरबी झडण्यात स्टॅव्हुडिन या वेगळ्या प्रकारच्या जुन्या औषधाचा वाटा मोठा होता. पुढे आलेल्या अ‍ॅटाझानाव्हिर (२००३) आणि डारुनाव्हिर (२००६) यांचा हा त्रास कमी आहे.

तेव्हा मंडळी, दोन गोष्टी. शरीरात बदल दिसला तर गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टरांना सांगावं, औषध बदलता येतं. आणि कुणाचे गाल बसलेले दिसले, तर समारंभात कुजबुज करू नये. त्या माणसाने मोठी लढाई जिंकलेली असू शकते.