विद्युत् प्रवाह संघर्ष
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत वीज पुरवठ्याच्या दोन पद्धतींच्या पुरस्कर्त्या कंपन्यांत झालेला जाहीर संघर्ष. प्रतिस्पर्ध्याच्या मालाविषयी लोकांत धास्ती निर्माण करून बाजारपेठ राखण्याच्या प्रयत्नाचे हे ठळक उदाहरण होय.

टॉमस आल्वा एडिसन (१८४७–१९३१) यांनी १८८२ मध्ये न्यूयॉर्क शहरात पर्ल स्ट्रीट येथे सुमारे ११० व्होल्ट दाबाच्या एकदिश प्रवाहाचे वीज केंद्र सुरू केले. दाब कमी असल्याने हा पुरवठा सुमारे दीड किमी. अंतरापर्यंतच परवडत असे. याउलट प्रत्यावर्ती प्रवाहाचा दाब रोहित्राने वाढवून तो बारीक तारांतून दूरवर नेता येतो व वापराच्या जागी पुन्हा कमी करता येतो. जॉर्ज वेस्टिंगहाउस (१८४६–१९१४) यांच्या कंपनीने १८८६ पासून या पद्धतीचा अवलंब केला.

एडिसन कंपनीने १८८८ मध्ये पुस्तिका काढून ही पद्धत प्राणघातक असल्याचा इशारा दिला. त्याच वर्षी हॅरल्ड ब्राउन यांनी एडिसन यांच्या प्रयोगशाळेच्या साहाय्याने कुत्र्यांना प्रत्यावर्ती प्रवाहाने मारण्याचे जाहीर प्रयोग केले. न्यूयॉर्क राज्याने विजेने देहदंड देण्याचा कायदा केल्यावर ब्राउन यांनी त्यासाठी वेस्टिंगहाउस यांचीच जनित्रे परभारे मिळवली. ब्राउन यांचे एडिसन कंपनीशी असलेले संबंध १८८९ मध्ये एका वृत्तपत्राने त्यांची पत्रे छापून उघडकीस आणले. असा पहिला देहदंड ६ ऑगस्ट १८९० रोजी ऑबर्न तुरुंगात देण्यात आला.

हा प्रचार सर्वस्वी निराधार नव्हता. न्यूयॉर्कमधील उघड्यावरील उच्च दाबाच्या तारांचे निरोधन सदोष होते आणि १८८९ मध्ये तारांवर काम करणारा एक कामगार भररस्त्यात, लोकांच्या देखत मरण पावला. तथापि तारा जमिनीखाली नेण्याचा उपायही एडिसन यांनी एका लेखात निरुपयोगी ठरविला. खऱ्या धोक्याच्या निवारणापेक्षा प्रतिस्पर्धी पद्धतीच्या उच्चाटनावरच त्यांचा भर होता.

प्रचाराने प्रत्यावर्ती प्रवाहाचा प्रसार रोखला गेला नाही. एडिसन यांची कंपनी १८९२ मध्ये विलीनीकरणाने ‘जनरल इलेक्ट्रिक’ बनली व तिनेही हीच पद्धत स्वीकारली. १८९३ चे शिकागो येथील जागतिक प्रदर्शन वेस्टिंगहाउस यांच्या विजेने उजळले, तर १८९६ मध्ये नायगारा धबधब्यावरील वीज बफालो शहरास मिळू लागली. न्यूयॉर्कमधील एकदिश प्रवाहाचा सार्वजनिक पुरवठा मात्र २००७ पर्यंत काही प्रमाणात टिकून होता.