मल्टिपल स्क्लेरोसिसमधील कंप : कपिकच्छू आणि मेंदूतील तार

कंप दिसला की कपिकच्छू, ही सवय व्यवसायात रुळली आहे. गिरगाव ते लालबागपर्यंतच्या व्यवसायबंधूंनी व औषधी दुकानदारांनी ती तपासावी, असे आम्हांस वाटते.

कपिकच्छूच्या बीजात लेव्होडोपा असते. पार्किन्सन्सच्या रुग्णांतील त्याच्या उपयोगाविषयी मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य, डॉ. नोशीर वाडिया प्रभृतींनी १९७८ मध्ये लिहिले. तो कंप हात स्वस्थ असताना दिसतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये उलट. पेला ओठांजवळ येऊ लागला की हात अधिक थरथरतो. येथे विकृती अनुमस्तिष्काच्या मार्गांवरील मायलिन आवरणाची असते, डोपामिनच्या उणिवेची नव्हे. माधवनिदानातील ‘वेपथु’ या एका संज्ञेखाली दोहोंना एकच चूर्ण देणे आम्हांस मान्य नाही.

औषधांना दाद न देणाऱ्या मोजक्या रुग्णांत थॅलॅमसमध्ये तार बसवून छातीतील यंत्राद्वारे विद्युत्‌स्पंद देतात. हा मार्ग १९८७ साली ग्रनोबलच्या बेनाबिद यांनी दाखविला. मेंदूत अशी तार बसविण्याच्या शस्त्रक्रिया आपल्या पेडर रोडवरील जसलोकमध्येही झाल्या आहेत. कंप उणावतो, पण तोल, दौर्बल्य व मूळ व्याधी तशीच राहते, आणि व्याधी वाढेल तसा लाभही ओसरू शकतो. नातेवाइकांना हे आधीच सांगावे.

असा रुग्ण स्नेहन-स्वेदनासाठी आल्यास छाती, मान व डोक्यावरील यंत्रमार्गावर मर्दन करू नये. डायथर्मी तर सर्वथा वर्ज्य. तिची ऊर्जा तारेवाटे मेंदूत पोचून तेथील ऊतक जळते. केसपेपरवर यंत्राची नोंद लाल शाईने करावी.