तवंदीचा घाट ओलांडताना

परदेशी लोक द्राक्षमळ्यांच्या डोंगरी गावांतून सहली काढतात; आम्ही मुलाबाळांसह कोल्हापुराहून बेळगावास निघालो ते निपाणीच्या तंबाखूच्या मुलखातून. (गवयाच्या गळ्यास तो वास मानवत नाही, ते असो.) तवंदीच्या घाटात धाकटीने विचारले, "बाबा, पाट्या कानडी झाल्या. आपण परमुलखात आलो का?" १९५६ साली हा भाग म्हैसूर राज्यात गेला, ती सल आमच्या घरी आजही आहे. परंतु संस्थानकाळीही निपाणीस उतरणारा कोल्हापूरकर इंग्रजी अमलातच पाऊल टाकी. उत्तर न देता गाडी बेळगावापुढे सुळेभावीस नेली. १९२४ साली येथे जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या घरची भाषा कानडी. तुकोबांचे अभंग त्यांनी कसे गायिले, हे वाचकांस सांगणे नलगे. परतताना निपाणीस धाकटीने नव्याने शिकलेल्या कानडीत पाणी मागितले. हॉटेलवाला मराठीत म्हणाला, "गार देऊ का साधं?"