गाढवाला गीतेची चव काय?

'गाढवाला गीतेची चव काय!' तावातावाने भांडताना एखादा असं बोलून जातो, ऐकणारे हसून लोळतात आणि त्याला आपलं चुकलं कुठे तेच कळत नाही. कळणार कसं? वाक्य कुठे अडखळलेलंच नसतं. 'गाढवाला गुळाची चव काय' आणि 'गाढवापुढे वाचली गीता' या दोन म्हणींचा सांधा इतका बेमालूम बसतो, की व्याकरणालाही पत्ता लागत नाही.

'आगीतून फुफाट्यात' आणि 'इकडे आड तिकडे विहीर' यांचं 'आगीतून विहिरीत' होतं, हाही त्यातलाच प्रकार. (खरं तर आगीतून निघालेल्याला विहीर बरीच म्हणायची.)

इंग्रजी बोलणारी माणसंही अशीच घसरतात. त्यांच्याकडे नशिबाला दोष देताना 'बिस्किट असंच चुरतं' म्हणतात, तसंच 'चेंडू असाच उसळतो' असंही म्हणतात. घाईत बिस्किटच उसळतं! कूपर कटिंग आणि कॅथरिन बॉक या अमेरिकी संशोधकांनी 1997 मध्ये आपल्या शोधनिबंधाला हेच उसळणारं बिस्किट मथळा म्हणून दिलं. दोन वाक्प्रचार एकदम वाचायला द्यायचे आणि मग त्यातला एक पटकन म्हणायला लावायचा, असा त्यांचा प्रयोग होता. रचना सारखी असली की सरमिसळ वाढायची. अर्थही एकच असला, तर जीभ आणखी घोटाळायची. म्हणजे म्हण डोक्यात नुसती अख्खी पाठ नसते. तिचे सुटे भागही तिथे जागे असतात, आणि एका अर्थाच्या दोघी एकदम पुढे आल्या की त्यांची शेपटं बदलतात.

प्रयोगशाळेत हे सिद्ध व्हायच्या कितीतरी आधी तमाशाच्या फडावर ही सरमिसळ पोटापाण्याचं साधन होती. अशा फडांसाठी लिहिणाऱ्यांपैकी एक म्हणजे शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे शाहीर बशीर मोमीन कवठेकर. त्यांनी तमाशासाठी लावण्या आणि वगनाट्यं लिहिली, आणि 2018 चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. तमाशात गण-गवळणीनंतर बतावणी रंगते. सरदार शहाण्यासारखं बोलतो आणि सोंगाड्या त्याचे शब्द उलटेपालटे करतो. आपण नकळत चुकतो, तो ठरवून चुकतो. तेही अशा बेताने, की मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही मूळ म्हण आठवलीच पाहिजे. माझ्या मते हे काम वग लिहिण्याइतकंच अवघड आहे.

यंदा जत्रेत तमाशा लागला तर बतावणी चुकवू नका. सोंगाड्याने एखादी म्हण मोडली, की तिच्यात दुसरी कोणती घुसली ते हुडका. बहुतेक वेळा दोघींचा अर्थ एकच निघेल.