चित्रफितीच्या पोटातला पत्ता

नव्वदच्या दशकातल्या सहलींच्या चित्रफिती आठवा. कोपऱ्यात तारीख उमटे, पण ठिकाण कुणीतरी मोठ्याने सांगायचे, ‘हे बघा, आपण हरिहरेश्वरला आलोय!’ आता मोबाइलला ते सांगावे लागत नाही. ‘लोकेशन’ची परवानगी दिलेली असेल, तर चित्रीकरण करतानाच तो तिथले अक्षांश-रेखांश फाइलमध्ये लिहून ठेवतो. पडद्यावर काहीच दिसत नाही. गोप्रोसारखे जीपीएस असलेले कॅमेरे याच्याही पुढचे! चित्र आणि आवाज यांच्या जोडीला त्यांच्या फाइलीत आणखी एक पट्टी असते, आणि तीत दर सेकंदाला कित्येकदा जागा नि वेग नोंदला जातो.

हा हिशेब उपग्रहांच्या संदेशांवर चालतो. मे २००० पर्यंत अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली होती. शंभर मीटरपर्यंत फरक पडे. तेवढ्यावरून गल्ली कळली असती, घर नव्हे. आज मोकळ्या आभाळाखाली मोबाइलची चूक पाच मीटरांच्या आसपास असते.

पोलिसांच्या कामी हे उपयोगीच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती-जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले आहे, आणि त्यासाठीचे ‘ई-साक्ष्य’ ॲप वेळेबरोबर जागाही नोंदवते. ती नोंद तिथे हवीच.

पण अंगणात रांगणाऱ्या नातवाच्या चित्रफितीला साक्षीदार कशाला? ती मूळ फाइल ई-मेलने परक्या हाती गेली, की घराचा पत्ताही गेला. कॅमेऱ्याची लोकेशन-परवानगी मोबाइलच्या सेटिंगमध्ये बंद करता येते; जुन्या फाइलींतली नोंद मात्र वेगळी पुसावी लागते.