पट्टी कुठे टेकते

सकाळी 6.30
फेब्रुवारीतला शनिवार. एडिसनमध्ये बाहेर उणे सहा. एरवी मी नऊला दुकानातल्या बाकावर बसलेला असतो. आज काम पेनसिल्व्हेनियात आहे. पिशवीत पोलादी पट्टी, लांब दांड्याचा छोटा आरसा, बोटाएवढा टॉर्च आणि नव्या तारांचा सेट. जुनी गिटार पारखायला माझ्या अनुभवाने एवढं पुरतं. पोळी-भाजीचा डबा वेगळा.

सकाळी 8.00
ईस्टनला डेलावेअर नदी ओलांडली. भाचीचा फोन. “मामा, निघालास ना? कुणी दुसरं आधी पोचलं तर?” पोचलं तर पोचलं, म्हटलं. घाईत घेतलेली जुनी गिटार पुढे दहा वर्षं दुरुस्तीचे पैसे मागते. ती बेथलेहेमला लीहाय विद्यापीठात शिकते, दोन वर्षं स्टायपेंडमधून पैसे साठवलेत. जाहिरातीत लिहिलंय: मार्टिन डी-28, 1968, एकाच मालकाची, अतिशय जपलेली.

‘जपलेली’ या शब्दाची मला धास्ती वाटते. चकाकी जपणं सोपं असतं. सहा तारांचा मिळून सत्तर-पंचाहत्तर किलोचा ताण तीन मिलीमीटरही जाड नसलेल्या स्प्रूसच्या फळीवर रात्रंदिवस असतो. पलंगाखाली बंद केसमध्ये ठेवलं म्हणून तो ताण थांबत नाही.

सकाळी 9.45
वाटेत भाचीला बेथलेहेमहून घेतलं. नाझरेथ. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन जर्मनीतून न्यूयॉर्कला आला, 1833 मध्ये त्याने दुकान मांडलं आणि काही वर्षांतच या मोरेव्हियन वस्तीत बिऱ्हाड हलवलं. कारखाना अजून याच गावात आहे. आपण ज्या घरात चाललोय तिथून गाडीने पाच मिनिटांवर.

दार एका आजींनी उघडलं. गिटार त्यांच्या यजमानांची. ते दर रविवारी चर्चमध्ये वाजवायचे. जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हापासून केस उघडलेली नाही. आजींनी ती स्वतः टेबलावर आणून ठेवली आणि खटके मात्र मला उघडायला सांगितले.

सकाळी 10.00
दिसायला देखणी. टॉप मधासारखा पिकलेला, पॉलिशवर नखाएवढाही टवका नाही. भाचीने श्वास रोखून धरला होता. मी आधी आत टॉर्च मारला. नेक जिथे पेटीला जोडलेली असते त्या ठोकळ्यावर मॉडेल आणि क्रमांक ठोकलेला असतो. 1898 पासून मार्टिनचे क्रमांक ओळीने चढत आले आहेत, त्यामुळे क्रमांक वाचला की साल कळतं. हे 1968 नव्हतं. 1971.

तीन वर्षांच्या या फरकाने लाकूडच बदलतं. 1969 च्या अखेरीपर्यंत डी-28 ची पाठ ब्राझीलच्या शिसवाची असे. ते मिळेनासं झालं आणि जागा घेतली आपल्या पश्चिम घाटात वाढणाऱ्या शिसवाने. रुंद फळ्यांचा तुटवडा त्याआधीच सुरू झाला होता. 1965 मध्ये डी-35 आली, तिची पाठ तीन तुकड्यांची केली ती त्यासाठीच. आजींची गिटार उलटी करून खिडकीपाशी धरली. सरळ, शांत रेषा, जांभळट तपकिरी रंग. आमच्या साताऱ्याच्या घरातल्या शिसवी कपाटाचं दार डोळ्यांसमोर आलं.

आता पट्टी. आधी नेकवर लांबीच्या दिशेने धरून बाक पाहिला. या सालच्या नेकमध्ये किल्लीने फिरवायचा रॉड नसतो, तो 1985 मध्ये आला. म्हणून बाक जास्त असेल तर काम वाढतं. इथे नेक सरळ होती. मग पट्टी फ्रेटांवरून ब्रिजकडे सरकवली. तिचं टोक ब्रिजच्या माथ्यावर अलगद टेकायला हवं. ते ब्रिजच्या पुढच्या कडेला, दीड-दोन मिलीमीटर खाली, टक् करून आपटलं. भाचीला तो आवाज ऐकवला. सॅडल आधीच घासून घासून कागदाच्या चवडीएवढं उरलं होतं, तरी बाराव्या फ्रेटपाशी तारा उंच. म्हणजे नेकचा कोन पुढे आलाय, ती काढून पुन्हा बसवावी लागणार.

आरशातून ब्रिजच्या खालची पट्टी पाहिली, तारांच्या गोळ्यांनी भोकं थोडी खाल्लीत, चालेल. बोटाच्या पेराने टॉपवर ठिकठिकाणी टकटक केलं. आतल्या कुठल्याच आडपट्टीचा सुटल्यासारखा खडखड आवाज आला नाही. काळ्या पिकगार्डच्या कडेला केसाएवढी चीर होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे ते कच्च्या लाकडावर चिकटवलेलं असतं. प्लॅस्टिक आकसतं, लाकडाला ओढतं.

सकाळी 11.15
आजींना कुणीतरी सांगितलं होतं की ही ब्राझीलची, म्हणून किंमत पाच हजार डॉलर. मी त्यांना क्रमांक दाखवला, पट्टी त्यांच्या हातात देऊन टोक कुठे आपटतं ते दाखवलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. आपल्या माणसाची वस्तू कमी मोलाची निघाली असं त्यांना वाटू नये, म्हणून मी जे मानतो तेच सांगितलं: लाकूड ब्राझीलचं नसल्याने आवाज उणा ठरत नाही. उलट भाचीला ती कधीतरी पुण्याला न्यायची आहे. ब्राझीलचं शिसव 1992 पासून वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइटीस कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे, परवान्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही. पश्चिम घाटातल्या शिसवाच्या तयार वाद्याला 2019 पासून तशी अडचण नाही.

नव्या तारा चढवल्या, अर्धा सूर खाली. भाचीने एकच ई मेजर छेडला. स्वयंपाकघरातल्या काचेच्या बरण्या किणकिणल्या. आजी म्हणाल्या, “हाच. हाच आवाज.”

दोन हजार सहाशेला ठरलं. हे मी सुचवलेल्या आकड्यापेक्षा शंभर जास्त. ते भाचीने स्वतःहून दिले.

दुपारी 1.00
गाडीत डबा खाल्ला. केस मागच्या सीटवर, डिकीत नाही.

दुपारी 3.30
एडिसन. “मामा, उघडूया ना!” नाही. थंडीतून आलेली गिटार ऊबदार खोलीत एकदम उघडली तर लॅकरला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा जातात. केस भिंतीपासून लांब ठेवली, हीटरपासून त्याहून लांब. तोवर कामाचं बोललो: पंधराव्या फ्रेटची पट्टी काढायची, तिच्या खाचेतून बारीक भोक पाडून वाफ सोडायची, डिंक मऊ झाला की नेक सांध्यातून बाहेर येते. मग तिच्या टाचेवरून कागदाच्या जाडीने लाकूड तासायचं, पुन्हा पुन्हा बसवून बघायचं. दोन दिवसांचं काम, त्यातला बहुतेक वेळ बघण्यात जातो.

रात्री 9.00
खोलीतला आर्द्रतामापक 31 दाखवतोय, 45 च्या वर हवा. ह्युमिडिफायर लावला. मग खटके तिलाच उघडू दिले. तिने झाकण वर केलं आणि वाजवण्याआधी ध्वनिछिद्रापाशी वाकून वास घेतला.

“मामा, आजीच्या कपाटाचा वास येतोय.”